एकतीस नंबरची धूळ

आमच्या शिरूर तालुक्यात संगणक बंद पडण्याची दोनच कारणं मान्य आहेत. एक व्हायरस आणि दुसरं घरातली पोरं. तिसरं कारण धूळ असू शकतं, असं मी सांगायला लागले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आपण चुकीच्या दुकानात आलो असे भाव येतात. धूळ हा काय आजार आहे? धूळ तर सगळ्यांच्याच घरात असते, मग सगळ्यांचे का बंद पडत नाहीत, असं एका कांदा व्यापाऱ्यानं मला फार शहाणपणानं विचारलं होतं. त्याच्या संगणकाच्या डब्यातून त्या दिवशी मी ओंजळभर कांद्याची सालं काढली. पातळ, गुलाबी, पंख्याच्या पात्यांना गुंडाळलेली. ती त्याच्यापुढं वर्तमानपत्रावर मांडली. त्यानं एक साल उचलून उजेडात धरली, नीट निरखली आणि म्हणाला, "ही आमची न्हाईत. आमचा माल यवढा हलका नसतो."

एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. या काळात संगणक पातळ झाले, पडदे सपाट झाले, लोक मात्र दारात येऊन अजून विचारतात, साहेब कुठं गेलेत? साहेब म्हणजे माझे यजमान. ते सणसवाडीच्या एका कंपनीत मशीनवर असतात आणि त्यांना संगणकातलं बटण तेवढं कळतं. पण सुट्टीच्या दिवशी ते दुकानात खुर्चीवर बसलेले असले की गिऱ्हाईक माझ्या अंगावरून पुढं जाऊन त्यांना सगळी तक्रार सांगतं. हेही गंभीरपणे मान डोलावतात, "बरं बरं, बघतो," म्हणतात आणि डबा माझ्याकडं सरकवतात. मी तो खोलते, साफ करते, जोडते. गिऱ्हाईक जाताना त्यांनाच हात जोडतं. अशा रीतीनं माझ्या नवऱ्याचं या धंद्यात पंचक्रोशीत चांगलं नाव झालेलं आहे.

माझा खरा सुगीचा काळ दसऱ्यानंतरचा पंधरवडा. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा करतात, आणि संगणक हे हल्ली हापिसांचं हत्यार. तेव्हा त्याला हळद, कुंकू, अक्षता, झेंडू हे सगळं यथासांग वाहिलं जातं, आणि वाहायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे पुढची जाळी, जिथून तो बिचारा श्वास घेतो. वर त्याच जाळीसमोर उदबत्ती. चार दिवसांनी फोन येतो, "ताई, पूजा केली तवापासनं बंदच पडलाय बघा." मी मदरबोर्डवरून अक्षता वेचते. भक्तीनं मेलेल्या संगणकांची संख्या व्हायरसनं मेलेल्यांपेक्षा नक्कीच मोठी भरेल.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते, कारण पुढची हकिकत त्याशिवाय कळायची नाही. लोक ज्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्याच्या आत प्रोसेसर नावाची काडेपेटीपेक्षा लहान चकती असते. सगळा विचार ती करते आणि विचार करणाऱ्या कुणाचंही होतं तसं तिचं डोकं तापतं. म्हणून तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक जाळी बसवलेली असते, आणि जाळीवर पंखा. पंखा हवा ढकलतो, पात्यांमधून ती आरपार जाते, चकती थंड राहते. हवेबरोबर धूळही येते. हवा निघून जाते, धूळ राहते. वर्षा-दोन वर्षांत पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचं एक जाड पांघरूण तयार होतं. मग पंखा नुसता गरगरतो, हवा कुठंच जात नाही, आणि चकती इतकी तापते की जळून जाण्यापेक्षा संगणक स्वतःच स्वतःला बंद करतो. कुणाला न विचारता, फटदिशी. माणसापेक्षा त्याला एवढी तरी अक्कल आहे.

साफ करण्यात काहीही जादू नाही. आधी संगणक बंद करायचा, मग सॉकेटातून वायर काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायर काढायची. वायर काढल्यावर चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. डबा उघड्यावर न्यायचा. आतल्या कशालाही शिवण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावायचा, कारण आपल्या अंगातही बारीक वीज असते, आपल्याला ती जाणवत नाही, पण आतल्या नाजूक भागांना ती मारते. मग कोरडा मऊ ब्रश आणि हाताचा छोटा ब्लोअर. हवा थोडी थोडी, थांबून थांबून, लांबून. आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरला की त्याची बेअरिंग जाते, शिवाय फिरता पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डात उलटी पाठवतो. वीजपुरवठ्याची जी पेटी आत असते ती बाहेरूनच फुंकायची, खोलायची नाही, कारण वायर काढल्यावरही ती बराच वेळ झटका देऊ शकते. ओलं फडकं नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर नाही. आणि पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच नाही. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण एक गुरुजी आपला संगणक स्कूटरवर घालून ट्रकच्या टायरची हवा मारून घेऊन आले होते. त्या हवेत पाणी असतं. डबा आतून आंघोळ केल्यासारखा झाला होता. गुरुजी म्हणाले, पण स्वच्छ तर झाला. खरंच झाला होता. त्यानंतर तो कधीच मळला नाही, कारण कधीच चालू झाला नाही.

तर एवढं सगळं मला येतं, आणि ते न करता केलं अशी सही मी एकदा ठोकलेली आहे. लोकांच्या मूर्खपणावर बोलून झालं, आता त्याकडं वळते.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. वडील लोको शेडला, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, खलाशी म्हणजे मदतनीस होते. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत कुणीतरी एक जुना संगणक दिला होता, तो बिघडला तेव्हा मी तो पहिल्यांदा खोलला आणि तिथंच बिघडले. त्या ओळखीमुळं दौंडची कामं मला नेहमी मिळत गेली. त्यातलंच एक काम एका परीक्षा केंद्राचं. एका खासगी संस्थेचा मोठा हॉल, त्यात चाळीस संगणक, आणि सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षा तिथं व्हायच्या. संस्थेच्या संचालकांना सगळे सर म्हणायचे, मीही सरच म्हणते. सर मनानं वाईट नव्हते. त्यांचा कागदावर फार विश्वास होता, इतकंच.

एका भरतीची मोठी परीक्षा लागली. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीनं केंद्राकडून दाखला मागितला की सगळे संगणक आतून-बाहेरून साफ करून तपासलेले आहेत. सरांनी मला परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलावलं. मी म्हटलं, एका डब्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, चाळीस डबे एका दिवसात व्हायचे नाहीत, दोन दिवस आधी सांगायचं. सर म्हणाले, "मॅडम, होतील तेवढे करा. बाकीचे बाहेरून पुसा. एका दिवसाच्या परीक्षेत काय होतंय?"

सकाळी नऊपासून मी बसले. एकेक डबा हॉलमागच्या व्हरांड्यात नेत होते, खोलत होते, फुंकत होते, परत जाग्यावर लावत होते. अंगावर, केसांत, नाकात चाळीस टेबलांची धूळ. संध्याकाळी पाचला अठरा झाले. पुढचे बावीस मी फडक्यानं पुसले. छान चमकले. मग सरांनी छापील इंग्रजी दाखला पुढं केला, त्यात चाळीस आकडा आधीच छापलेला होता. मला यष्टी गाठायची होती, पाठ मोडून आली होती. मी सही केली, खाली दुकानाचा शिक्काही मारला. त्या क्षणी माझं मन मला खात होतं वगैरे काही नाही. मला भूक लागली होती.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी सरांचा फोन आला. म्हणाले, एक किरकोळ लेटर द्यायचंय, येऊन जा. किरकोळ कामाला सर शिरूरहून बोलावत नाहीत हे मला माहीत होतं. तरी गेले.

त्यांच्या केबिनबाहेर बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, हातात प्लास्टिकची फाइल. वडील साठीकडं झुकलेले, डोक्याला टोपी, पायांत जाड वहाणा. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यातून स्क्रू-ड्रायव्हरांचा संच डोकावत होता. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "मिस्त्री तुम्हीच का?"

वीस वर्षांत हे मला पहिल्याच नजरेत ओळखणारे पहिले गृहस्थ. मी हो म्हटलं.

आत सरांनी प्रकार सांगितला. मुलीचं नाव अश्विनी. ती एकतीस नंबरच्या संगणकावर बसली होती. परीक्षा चालू असताना तो संगणक चार वेळा बंद पडला. दर वेळी पर्यवेक्षक बाईंनी तो पुन्हा चालू करून दिला. राखीव ठेवलेले दोन संगणक आधीच दुसऱ्या उमेदवारांना गेलेले, त्यामुळं तिला जागा बदलून मिळाली नाही. शेवटी पेपर अर्धा राहिला. तिनं त्याच संध्याकाळी एजन्सीकडं तक्रार केली. एजन्सीनं केंद्राकडून खुलासा मागितला. आणि केंद्रानं, म्हणजे सरांनी, खुलासा तयार ठेवला होता की डबा टेबलाखाली पायाशी असतो, उमेदवारानं पेपर अवघड गेल्यामुळं पायानं बटण दाबून तो वारंवार बंद केला. माझ्याकडून त्यांना फक्त एक ओळ हवी होती, एकतीस नंबरचा संगणक सुस्थितीत आहे.

मी विचारलं, असं लिहिलं तर मुलीचं काय होईल. सर म्हणाले की गैरप्रकारात धरतील, ही परीक्षा जाईल आणि बहुतेक पुढची काही वर्षं कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही. हे सांगताना ते खरोखरच हळहळले. मग माझ्याकडं कोरा कागद सरकवला.

एकतीस नंबर त्या बाविसांतला होता, हे मला न आठवता येण्यासारखं नव्हतं. मी अठराव्या टेबलापाशी थांबले होते.

मी म्हटलं, आधी संगणक बघते. सर म्हणाले, बघायचं काय, तुम्हीच तर साफ केलाय. मी म्हटलं, मिस्त्री माणसाला बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. कालपरवाच मी ते करून दाखवलं होतं, पण आवाज मात्र ठाम निघाला. अश्विनीला आणि तिच्या वडिलांनाही मी हॉलमध्ये यायला सांगितलं. सरांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

डब्याची बाजू उघडली. आतल्या जाळीवर करड्या रंगाचं एक जाड पांघरूण बसलेलं, इतकं घट्ट की पात्यांच्या फटी दिसत नव्हत्या. मी काही बोलायच्या आत अश्विनीचे वडील वाकून बघत म्हणाले, "ही तर लोकर हाय."

मी त्यांना जाळी कशासाठी असते ते सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यानंतर शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. त्यांच्या वडिलांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरं होती, लहानपणी तेही मेंढरांमागं फिरलेले. आता शेती आहे. ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरू कातरावं लागतं. न्हाई कातरलं तर आतल्या आत उबतं, आन् मग बसतंच. त्याला मारलं तरी उठत न्हाई. ह्याचंबी तसंच झालंय म्हना की."

माझी वीस वर्षांची विद्या त्यांनी चार वाक्यांत संपवली होती. सर म्हणाले, धूळ सगळ्याच संगणकांत असते. मला कांदा व्यापारी आठवला.

धूळ काढायचा मोह आवरून मी डबा पुन्हा बंद केला, टेबलाखाली तसाच सरकवला आणि चालू केला. परीक्षेचा सरावाचा पेपर त्यावर लावला. सगळ्यांना म्हटलं, आता कुणी पाय हलवू नका. अश्विनी तर चार हात लांब उभी होती. आम्ही वाट बघत राहिलो. पंख्याचा आवाज हळूहळू वाढत गेला, मग किंचाळल्यासारखा झाला. सर घड्याळ बघत होते. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

मी पुन्हा चालू केला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली. संगणक चांगल्या जातीचा असला की तो आपल्या मरणाचं कारण लिहून ठेवतो. ओळीचा अर्थ असा होता की मागच्या वेळी मी उष्णतेमुळं बंद पडलो, पुढं जायचं तर बटण दाबा.

अश्विनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. हळूच, पण शब्द अन् शब्द सुटा. "हीच ओळ आली व्हती. चारी वेळा. मी बाईंना वाचून दाखवली, त्याचा अर्थबी सांगितला. त्या म्हणाल्या, परीक्षेत बोलू नका. आन् त्यांनी बटन दाबलं."

म्हणजे संगणकानं चार वेळा लेखी जबाब दिला होता, साक्षीदारासमोर, आणि साक्षीदारानं तो चार वेळा पुसला. पर्यवेक्षक बाईंना मी दोष देत नाही. त्यांना कामच हे दिलेलं होतं की कुणी बोलायचं नाही. त्या नियमात संगणकही आला.

सरांनी मला बाजूला, व्हरांड्यात नेलं. ते चिडले नव्हते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, माझाच दाखला, चाळीस आकडा, खाली सही, शिक्का. म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय लिहिणार? मशीनमध्ये धूळ होती म्हणून? मग ही सही कुणाची?"

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच म्हणालात बाकीचे बाहेरून पुसा. ते म्हणाले, हो, म्हणालो, पण लिहून कुठं दिलं? आणि हे ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, माझ्या हिताचं सांगितल्यासारखं. कागदावर विश्वास असलेला माणूस असा असतो.

माझ्या धंद्यात पाप झाकायला एक जुनी जागा आहे. तिचं नाव व्होल्टेज. काहीही जळलं, काहीही बिघडलं, आपल्या हातून पडून फुटलं तरी व्होल्टेज म्हणायचं. वीजवाले कधी येऊन विचारत नाहीत. मी सरांना म्हटलं, व्होल्टेज कमी-जास्त झाल्यामुळं असं लिहू का, म्हणजे पोरगीही सुटेल आणि आपणही. सरांनी नकारार्थी मान हलवली. हॉलचा वीजपुरवठा उत्तम असल्याचा वेगळा दाखला त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. तोही बहुतेक असाच कुणाकडून तरी संध्याकाळी पाचला घेतलेला.

मी नळावर हात धुतले. तोंडावर पाणी मारलं. खरं सांगते, मला त्या वेळी मुलीची दया आली म्हणून मी वळले असं नाही. मला त्या अठरा डब्यांचा राग आला होता. ते मी इतके मन लावून साफ केले होते, एकेका पंख्याचं पातं बोटानं धरून. त्यांतला एकही परीक्षेत बंद पडला नव्हता. आणि कागदावर त्या अठरा डब्यांची आणि न खोललेल्या बाविसांची किंमत एकच झाली होती. माझ्या कामाची मीच शोभा केली होती.

आत जाऊन सरांच्याच टेबलावर बसून मी लिहिलं. मराठीतच लिहिलं, कारण इंग्रजीत सही करण्याचा परिणाम समोर होता. लिहिलं की अमुक दिवशी मी चाळीसपैकी अठरा संगणक आतून साफ केले, बावीस बाहेरून पुसले आणि सही चाळीस संगणकांवर केली, ती सही खोटी आहे. एकतीस नंबर मी उघडला नव्हता. आज तो उघडला, तो धुळीनं तुंबलेला आहे आणि तापून अकरा मिनिटांत आपोआप बंद पडतो, कुणाचा पाय लागत नाही. बंद पडल्याचं कारण तो पडद्यावर स्वतः दाखवतो. हे आम्ही चार माणसांनी पाहिलं. खाली सही, शिक्का. एक प्रत सरांना, एक अश्विनीला. तिनं ती तिथल्या तिथं दोनदा वाचली आणि फाइलमध्ये ठेवली. माझ्याकडं बघितलं, पण आभार मानले नाहीत. मला ते बरोबरच वाटलं. जिच्यामुळं पेपर बुडाला तिचे आभार कशाला?

तिच्या वडिलांना मात्र नीट उमगलं नाही की काय, असं मला वाटलं. मी त्यांना म्हटलं, आबा, चूक माझीच आहे, मी तो खोललाच नव्हता. ते म्हणाले, "कळलं मला. पर लिवून दिलंत नव्हं." आणि आपली पिशवी उचलून उभे राहिले.

जाण्याआधी एकतीस नंबर मी साफ केला. वायर काढली, बटण दाबून धरलं, व्हरांड्यात नेला, पंखा अलगद उचलून ते पांघरूण एका तुकड्यात सोलून काढलं. जाळी धुतल्यासारखी लख्ख झाली. उरलेले एकवीस आज-उद्यात करून देते म्हटलं तर सर म्हणाले, नको, आम्ही बघू. त्यांनी पुन्हा कधी मला बोलावलं नाही. पुढं त्यांनी दुसरा माणूस धरला. त्याचा दाखला रंगीत असतो आणि त्यावर लॅमिनेशन करून मिळतं, असं ऐकलं. दौंडमधल्या आणखी दोन ठिकाणची कामं हळूहळू बंद झाली. कारण कुणी सांगितलं नाही. खोटी सही करणारी मिस्त्री कुणालाही चालली असती, पण खोटी सही केली असं लिहून देणारी म्हणजे धोकाच.

घरी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, खरं लिहायला हरकत नव्हती, थोडं कमी खरं लिहायचं होतं. कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, मी त्याला हसत नाही. दोन दिवस ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते, गरम डब्यापाशी वागावं तसं.

एजन्सीनं अश्विनीची पुन्हा परीक्षा घेतली, पुण्यातल्या दुसऱ्या केंद्रावर. माझ्या पत्राबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, दंड नाही, नोटीस नाही. एवढं धाडस करून माणसाला निदान एखादी नोटीस तरी यावी अशी अपेक्षा असते. तीही आली नाही. माझी खोटी सही कुणी वाचली नव्हती आणि खरीही बहुधा एकाच माणसानं वाचली, कुठल्यातरी टेबलावरच्या कारकुनानं, आणि पुन्हा परीक्षेच्या रकान्यात टिक केली. तेवढ्यावर भागलं.

त्यानंतर मी दाखले देणं बंद केलं नाही, पण त्यांवर आकडा स्वतः लिहिते, छापलेला चालवून घेत नाही. आणि डब्यांचे नंबर एकाखाली एक. गिऱ्हाईक कुरकुरतं की ताई, यवढं कशाला लिहिताय, कोण वाचतंय? मी म्हणते, कुणी वाचत नाही म्हणूनच लिहिते. त्यांना ते कळत नाही, आणि मला तरी पूर्ण कुठं कळलंय.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी दुकानात फोन आला. मी एका शाळेचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. अनोळखी नंबर. पलीकडून आवाज आला की मी अश्विनी बोलतेय, दौंडच्या केंद्रावरची, एकतीस नंबर. मी ब्रश खाली ठेवला. निकाल लागला होता. मी विचारलं, काय झालं.

"न्हाई झालं ताई. थोडक्यात गेलं," ती म्हणाली. मी माफी मागायला सुरुवात केली, ती तेव्हापासून राहिलेली होती, की पहिल्याच वेळी नीट बसता आलं असतं तर कदाचित...

तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही. "तसं न्हाई ताई," ती म्हणाली. "गणिताचे प्रश्न मलाच आले न्हाईत. तीन तास मशीन एकदाबी बंद पडलं न्हाई. ह्या टायमाला मी माझी मीच नापास झाले. तेवढंच सांगायला फोन केलाय."